झोपलीस का?

अख्ख्या इमारतीत बातमी फिरली, की भोंगाबाईनं नवऱ्याला घराबाहेर काढलं. साफ खोटं! बाहेर काढली ती त्याची व्यायामाची सायकल. पण ती जिन्यात इतक्या जोरात आदळली, की मागोमाग नवराही येतोय असं लोक धरून चालले. मी समोरच्या दारात उभी होते, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका.

बाई रात्रपाळीला अँब्युलन्स चालवते, म्हणून भोंगाबाई. झोपायचं दिवसा. पण झोपायची खोली म्हणजे निव्वळ अडगळ! घरातलं एकुलतं एक मोठं कपाट तिथं, इस्त्रीचं टेबल तिथं, सासूबाईंचं शिलाई मशीन तिथं. आणि ती सायकल, जिच्यावर आजवर घाम गाळला तो फक्त वाळत टाकलेल्या शर्टांनी.

बरं, नवऱ्याचा धंदा काय? गाद्या आणि पडदे विकणं! गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करून मधाळ आवाजात सांगतो, "बेडरूममध्ये झोपेशिवाय दुसरं काही नको बघा. जाड पडदा, मंद उजेड. घड्याळाची टिकटिकसुद्धा नको." दिव्याखाली अंधार म्हणतात, याच्या बायकोला तेवढाही अंधार मिळेना. ऐकून माझंच डोकं फिरायचं, तिचं तर काय!

त्या दिवशी सिग्नलला तिचा डोळा लागला. गाडीत पेशंट. मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा कुठं जाग आली. पेशंटला पोचवून ती तडक घरी आली आणि अंथरुणात शिरली. सासूबाई येऊन कात्री घेऊन गेल्या. परत आल्या, दोरा राहिला होता. मग नवऱ्यानं भक्कन दिवा लावला, शर्ट इस्त्रीला घेतला आणि वर तिच्या कानाशी वाकून विचारलं, "झोपलीस का?"

झालं! सायकल थेट जिन्यात.

"अगं, माझं मशीन तरी राहू दे," सासूबाई.

"हॉलमध्ये ठेवते, आई. तिथं उजेड आहे, तो तुम्हाला लागतो. मला नको!"

कपाट ढकलताना तिची नजर माझ्यावर पडली. "वहिनी, तमाशा फुकट नाही. लावा हात!" लावला बाई. कंबर अजून बोलते. घड्याळ गेलं, टेबल गेलं. मग दुकानातला सगळ्यांत जाड पडदा नवऱ्यालाच आणायला लावला आणि स्टुलावर चढवून त्याच्याच हातानं टांगून घेतला.

स्टुलावरून तो कुरकुरला, "एवढ्याशा झोपेसाठी केवढं हे!"

"माझ्या गाडीत मागे माणूस आडवा असतो. मी स्टिअरिंगवर झोपले, तर तो परत उठायचा नाही. उतर खाली, दिवा मालव आणि दार ओढून घे. आणि परत 'झोपलीस का' विचारलंस, तर सायकलीच्या मागोमाग तू."