आत्याचं आठ फुटी कटर

कापड घ्यायला गेली की माझी आत्या आधी पन्हा विचारायची. पन्हा मोठा निघाला की तिचा चेहरा उजळायचा. "रुंद असलं की काम लवकर उरकतं गं," म्हणायची. पातेली, पलंग, झाडू, सगळं तिने याच न्यायाने घेतलं होतं. त्यामुळे बंद पडलेल्या एका गोठ्याच्या लिलावातून तिने ट्रॅक्टरमागे जोडायचं, गवत कापायचं आठ फुटी कटर उचलून आणलं, तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माझ्या बाबांना, आणि बाबांचं नवल शेजारच्या दोन घरांपर्यंत ऐकू जायचं.

बाबा शेतीच्या अवजारांच्या दुकानात फिटर होते. दुकानात त्यांना 'नकारघंटा' म्हणत. गिऱ्हाईक कटरभोवती फिरून, पात्यांवरून हात फिरवून, मनात खरेदी उरकून यायचं आणि बाबा विचारायचे, "ट्रॅक्टर कुठंय?" ट्रॅक्टर डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कुणालाही कटर देत नसत. कटर मागे जोडायचं, पूर्ण वर उचलायचं आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवून बघायचं, ही त्यांची परीक्षा. बोटाने चाकं वळली की गिऱ्हाईक खूश व्हायचं, "वा, किती हलकं!" बाबा म्हणायचे, "हलकं नाही, पुढची चाकं जमीन सोडायला निघालीत. चढावर आभाळ बघायचंय का?" मालक कपाळाला हात लावायचा. "कटर आवडलं म्हणून घ्यायचं नसतं, पेललं तर घ्यायचं," हे वाक्य तर मी भाजी-भाकरीबरोबर खाल्लंय.

अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीने ट्रॅक्टर न दाखवता कटर आणलं. तेही त्यांच्यापासून लपवून.

आत्याने लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. गावाबाहेरच्या उतारावर आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, घर होतं, तिथे ती एकटी राहायची. उतारावर दूधवाल्याच्या गायी चरायच्या. गायी गोड गवत खायच्या आणि काटेरी झुडपं तेवढी शहाण्यासारखी सोडून द्यायच्या. ती झुडपं वर्षातून दोनदा कापावी लागत. ते काम आत्या आजोबांच्या ट्रॅक्टरवर, जुन्या पाच फुटी कटरने करायची. दोन दिवस लागायचे, रान माजलं असलं तर तीन. सकाळी डबा आणि चहाचा थर्मास घेऊन निघायची ती दिवे लागायच्या वेळेला परत यायची, केसांत कुसळं आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव घेऊन. त्या दोन दिवसांत कुणी मेलं तरी तिला निरोप द्यायचा नाही, असा घरात अलिखित नियम होता.

मला ते दिवस फार आठवतात. सुट्टीत आम्ही तिच्याकडे असलो की लांबून ट्रॅक्टरचा आवाज यायचा. चढावर तो घोगरा व्हायचा, उतारावर मोकळा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ताई आता विहिरीपाशी पोचल्या." न बघता. आणि ते खरं असायचं.

तर ते जुनं कटर गंजून मोडलं आणि हे आठ फुटी आलं. आत्याने ते स्वतःच जोडलं आणि गेली चढावर. स्टिअरिंग मऊ लोण्यासारखं फिरायला लागलं. "मला वाटलं, कटर लाभलं मला," असं तिने नंतर सांगितलं. चढ उतरून खाली कुंपणाशी आली, तिने क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. कुंपण मोडून तो अंगणात शिरला, वाळत घातलेल्या चादरी त्याने अंगावर घेतल्या आणि घेवड्याच्या वाफ्यात जाऊन एकदाचा विसावला. आत्याच्या नशिबाने पायरीवर बसलेलं मांजर सोडून वाटेत कुणी नव्हतं, आणि मांजराला पळायची अक्कल होती.

मी तेव्हा नोकरीला लागले होते, रजेवर घरी आले होते. बाबांबरोबर मीही गेले. बाबांनी चादरी सोडवल्या, कटरखाली वाकून बघितलं आणि मग त्यांचा आवाज लागला.

"क्लच दाबलास तेव्हा इंजिन सुटलं. पण ती एवढी जड पाती फिरतच होती ना! जुना ट्रॅक्टर आहे हा, पात्यांचा जोर मागच्या शाफ्टमधून उलटा येतो आणि चाकं ढकलतो. तू कटर चालवत नव्हतीस ताई, कटर तुला चालवत होतं!"

"मग काय ते बसव ना. फिटर आहेस की कोण आहेस?"

"बसवतो! उलटा जोर येऊ न देणारा जोड बसवतो. पुढे वजनंही टांगतो. पण दम? दम कुठून आणू? आठ फुटांत काटेरी रान घुसलं की हा धापा टाकून बसेल. एका हंगामात इंजिन बाद. ते कटर देऊन टाक आणि गुपचूप पाच फुटी घे."

"पाच फुटी नको."

"का नको? इतकी वर्षं चाललं ते?"

"नको म्हटलं ना, छोट्या!"

मिशा पांढऱ्या झालेल्या माझ्या बाबांना छोट्या म्हणणारी जगात एवढी एकच व्यक्ती उरली होती. एरवी त्या हाकेने ते विरघळायचे. त्या दिवशी भडकले. "हाव सुटलीय तुला," म्हणाले. आत्या आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. भावा-बहिणीचं बोलणं बंद झालं. दोघंही एकाच मुशीतले, त्यामुळे आधी कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. कुणीच नाही.

पुढच्या रविवारी आईने मला आत्याकडे धाडलं, लोणच्याची बरणी देऊन. लोणचं निमित्त होतं. आत्या ओट्याशी उभी राहून जेवत होती.

"बसून जेव की."

"बरंय असं."

"आत्या, बस."

तिने ताट खाली ठेवलं. "बसले की उठवत नाही गं," ती म्हणाली. "त्या लोखंडी सीटवर दोन दिवस काढले की पुढे महिनाभर कंबर सरळ होत नाही. गेल्या खेपेला ट्रॅक्टरवरून उतरताच येईना. अंधार पडेपर्यंत वरच बसून राहिले. म्हटलं, कटर रुंद घेतलं तर निम्म्या वेळात होईल. तेवढं सोसवेल." मग बोट उगारून म्हणाली, "छोट्याला सांगायचं नाही. तो मला उतारावर जाऊच देणार नाही. काम सुटलं की मी इथे करू काय?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. आत्यालाही होतं, म्हणूनच तिने ते मला सांगितलं असणार. मी घरी जाऊन चपला काढायच्या आत बाबांना सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन उतारावर गेले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. पायरी किती उंच आहे ते बघितलं, सीटवर बसून क्लच दाबला, उतरले, पुन्हा चढले. आत्या दारात उभी राहून बघत होती.

"ताई," बाबा म्हणाले, "कटर चुकीचं नाही."

"मग?"

बाबा बॉनेटवरची धूळ पुसत राहिले. जन्मभर परक्या माणसांना तोंडावर नाही म्हणणाऱ्या नकारघंटेचा आवाजच निघेना.

"बोल ना. जीभ का अडली?"

"अण्णांचा ट्रॅक्टर आहे, ताई."

"मला सांगतोस?" आत्या पायऱ्या उतरून आली, एकेक, कठड्याला धरून. "त्याला कटर जुळत नाही, हे तू वाकून वाकून बघितलंस. मी पण आता त्याला जुळत नाही, ते नाही दिसलं तुला? चांगला फिटर म्हणे!"

बाबा रडले. मी त्यांना रडताना त्यापूर्वी बघितलं नव्हतं. आत्याने पदराने त्यांचं नाक पुसलं, छोट्याचं पुसतात तसं, आणि म्हणाली, "पुरे. आता मला जुळेल असा शोध."

बाबांनी शोधला. दुकानातले पाच-सहा ट्रॅक्टर त्यांनी नापास केले. मालक म्हणाला, घरच्या माणसालाही सोडत नाही हा. शेवटी जुनाच, पण ताकदीचा एक मिळाला. पायरी बुटकी, सीट स्प्रिंगची, आणि क्लच असा की पाती थांबवायची वेगळी सोय. कटर उचलून बाबांनी बोटाने स्टिअरिंग फिरवलं, थोडं फिरलं. त्यांनी पुढे आणखी वजनं टांगली, आणि बोट दुखेपर्यंत जोर लावूनही ते हलेना तेव्हा समाधानाने मान हलवली. ट्रॅक्टर आणि कटर जोडणारा शाफ्ट लांब होत होता. तो कापण्याआधी त्यांनी कटर वर-खाली करून किती वेळा मापं घेतली देव जाणे. आखूड झाला तर सुटेल, लांब राहिला तर गिअरबॉक्स फोडेल. आत्या खुर्चीवर बसून कंटाळली. "छोट्या, सदऱ्याचं माप घेतोयस का?"

आजोबांचा ट्रॅक्टर एका रोपवाटिकावाल्याने नेला. त्याला कुंड्या आणि मातीच ओढायची होती, हे आत्याने आधी खोदून खोदून विचारून घेतलं. ट्रॅक्टर फाटकातून गेला तेव्हा ती भांडी घासत होती आणि तिने मागे वळून बघितलं नाही.

मग झुडपं कापायचा दिवस आला. आम्ही सगळे गेलो होतो. आत्या सकाळी नेहमीसारखा डबा आणि थर्मास घेऊन निघाली. नव्या ट्रॅक्टरचा आवाज चढावर आणि उतारावर एकच, त्यामुळे ती कुठे पोचली ते आईला सांगता येईना. बाबा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. दुपारची पानं वाढायला घेतली आणि ट्रॅक्टर अंगणात आला. सगळा उतार स्वच्छ झाला होता, एक झुडूप उरलं नव्हतं. बाबांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

इंजिन बंद झालं. आत्या मात्र वरच बसून राहिली. बाबा घाबरून धावले.

"कंबर धरली का, ताई?"

"नाही रे. काही म्हणजे काही दुखत नाहीये. छान जुळवलंस."

"मग उतर ना. पानं वाढलीत."

डबा तिच्या मांडीवर तसाच होता, न उघडलेला. ती उताराकडे बघत होती.

"तुम्ही बसा जेवायला," ती म्हणाली. "माझी अजून घरी यायची वेळ झाली नाही."