वरचा रुपया
किमचीची बरणी उघडली, की लसूण-तिखटाच्या आंबूस वासासरशी मला अंधेरीतला तो जिना आठवतो. आमच्या छोट्याशा कोरियन भाषा-संस्कृतीच्या शाळेचे हिशेब मी बघायचे. शाळा चालवणाऱ्या बाई कोरियाच्या. फी मागायला लाजायच्या, म्हणून हॉलचं भाडं थकलं होतं आणि शाळा बंद करायचं त्यांनी ठरवलंही होतं. मी पालकांना सरळ सांगितलं, ‘फुकट बंद. आणि फी पाकिटात घालून द्या, बाईंना उघड्या नोटा हातात घेणं बरं वाटत नाही.’ शनिवारी पाकिटं आली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, उघडली आणि त्या एकदम जिन्याकडे धावल्या. पाकीट म्हटल्यावर सगळ्यांनी सवयीने वर एक रुपया घातला होता, आणि बाई तो परत द्यायला निघाल्या होत्या. मी त्यांना अडवलं. म्हटलं, ‘तो परत करायचा नसतो हो. वर रुपया ठेवला म्हणजे देणंघेणं संपलं नाही, पुढेही चालू राहणार.’ बाई मुठीतल्या नाण्यांकडे बघत राहिल्या. मग मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ‘फिर स्कूल बंद कैसे करेगा?’ आता फी मोबाइलवरून येते, तरी रकमेच्या शेवटी तो एक रुपया असतोच.