पदराच्या गाठी

मी कशावर संशोधन करते हे सांगायला लागले, की मंगरूळपीरचे आमचे नातेवाईक चहाच्या कपात बघू लागतात. खरं तर गोष्ट साधी आहे. एक यंत्र आहे, त्याची आठवण फार तोकडी. वाटेला फाटा फुटला की कुठं वळायचं याचा त्याला अंदाज करता येतो, आणि नशीब असं की तो बरोबरच निघतो. पण असे अंदाज मोजकेच मिळतात. ते त्या तोकड्या आठवणीत मावत असतील, तर नशीब लागतच नाही. एकेक अंदाज पाळीपाळीनं तपासता येतो. मावत नसतील, तर नशिबावाचून भागेल का, हे आज जगात कुणालाच ठाऊक नाही. याचं मला अजूनही नवल वाटतं.

गेल्या हिवाळ्यात घरी गेले, तर भावानं गेटसाठी नवं कुलूप आणून ठेवलेलं. आईला हल्ली काही आठवत नाही. आमच्या भाजीच्या मळ्यात जायला निघते आणि भलतीकडेच पोचते. मी म्हटलं, एकदा जाऊ दे, मी तिच्या मागं मागं जाते. तो चिडला, पण एका दिवसापुरतं ऐकलं.

सकाळी आई निघाली. पहिल्या फाट्यावर थांबली, पदराच्या टोकाला साधी गाठ मारली आणि डावीकडे वळली. काही विसरू नये म्हणून गाठ मारायची तिची जुनीच सवय. पुढच्या फाट्यावर तिनं दुहेरी गाठ मारली आणि उजवीकडे गेली. ती वाट कुणाच्या तरी विहिरीपाशी संपली. आई माघारी फिरली, फाट्यावर येऊन दुहेरी गाठ सोडली, साधी बांधली आणि डावीकडे चालू लागली.

फळ्यावर कितीदा तरी लिहिलेली सिद्धता कोवळ्या उन्हात लुगडं नेसून चालली होती. वाट तिला आठवत नव्हतीच. जेवढं चुकता येईल तेवढं पदरात मावत होतं, एवढंच. फाटे वाढले असते तर पदर पुरला नसता, आणि मग काय करायचं ते मलाही सांगता आलं नसतं.

ती मेथीच्या वाफ्यापाशी पोचली. मी तिथूनच भावाला फोन करून कुलूप नको म्हणून सांगितलं. माझा आवाज ऐकून आई वळली.

"काहून मांगं मांगं येऊन राह्यली? वाट भुलली काय?"

मी हो म्हटलं. तिनं पदराचं ते गाठींचं टोक माझ्या हातात दिलं, लहानपणी बाजारात द्यायची तसं.