बाबांचा मुकुट

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्याचा मान वेगळा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीचं रंगकाम आटोपलं की शेवटी तो बसतो आणि श्वास रोखून बारीक ब्रशने मातीला नजर देतो. माझ्या बाबांचं उभं आयुष्य त्यात गेलं. आई गेल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पाळकांना शब्द दिला, की यापुढे डोळे काढणार नाही. कारखाना मात्र सोडला नाही. "डोळं नाय तवर ती माती हाय गो," ते मला म्हणाले. "मातीला रंग लावला तर काय बिघडलं?" तेव्हापासून ते फक्त मूर्तींचे मुकुट रंगवायचे.

रविवारी पत्र्याच्या एका खोलीत आमची उपासना व्हायची. बाबा सगळ्यांच्या आधी जाऊन झाडायचे, सतरंज्या अंथरायचे, माठ भरायचे. पाळक रोह्याहून येत. ते म्हणायचे, "अशा सेवेचं फळ प्रभू राखून ठेवतो, बाबा. स्वर्गात तुमच्यासाठी मुकुट तयार आहे." मी घरी चिडवायचे, "मग डोक्याचं माप दिलंत का?" "गप गो," म्हणून बाबा तोंड फिरवायचे, पण चेहरा खुललेला असायचा. त्यांचा त्या मुकुटावर पूर्ण विश्वास होता.

पुढे लग्न होऊन मीही रोह्याला गेले. एका वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी पेणला आले होते, तर कारखान्याचे शेठ दारात उभे. आखणी करणारा तापाने पडला होता आणि पन्नासेक मूर्ती डोळ्यांवाचून अडल्या होत्या. बाबा सरळ नाय म्हणाले. शेठ परत फिरले. आईच्या आजारपणात हाच माणूस दवाखान्याच्या बाकावर आमच्यासोबत बसून राहिला होता. मला राहवलं नाही. हुकूम सोडायची सवय मला लहानपणापासूनची. "जा बाबा," मी म्हटलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न."

बाबा गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले आणि चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसले.

"डोळं लय चांगलं झालं गो," ते म्हणाले. "हात जराबी हलला नाय. माझा मलाच आनंद झाला." मग हळूच म्हणाले, "पाळकांना सांगाया लागंल."

"कशाला? उगाच चर्चा होईल. तुमच्या सतरंज्या दुसऱ्या कुणाकडे जातील." मी त्यांना गप्प केलं, आणि ते झाले.

यंदा त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाळक आणि उपासनेतली चार माणसं घरी आली. पाळकांनी प्रार्थना केली, या विश्वासू सेवकासाठी मुकुट ठेवला आहेस म्हणून प्रभूचे आभार मानले. बाबा नकारार्थी मान हलवू लागले. "किती नम्र आहेत," कुणीतरी म्हणालं. बाबांनी डावा हात उचलून बोट डोळ्याशी नेलं. शेजारच्या बाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले. बाबा माझ्याकडे बघत होते.

मग मी सांगितलं. डोळे काढल्याचं, मी पाठवल्याचं, मीच गप्प बसवल्याचं. पाळक रागावले नाहीत. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "एवढंच ना? प्रभू क्षमा करतो. पश्चात्ताप आहे ना, बाबा? नुसती मान हलवा."

बाबांनी मान हलवली नाही. ना होकारार्थी, ना नकारार्थी. सगळे वाट बघत राहिले. मला कळत होतं ते का थांबले. ते डोळे काढताना त्यांना आनंद झाला होता, आणि त्या आनंदाबद्दल त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. हे मी कुणाला आणि कसं समजावणार? पाळकांनी माझ्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हटलं. "त्यांना पश्चात्ताप आहे."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर चार दिवस ते होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाळक म्हणतात, ते आता प्रभूजवळ आहेत. असतील. पण तिथे त्यांना वाचा परत मिळाली असेल, आणि कुणी पश्चात्तापाचं विचारलं तर बाबा खरं तेच सांगतील. मग मुकुटाचं काय होईल, या विचाराने माझा जीव तुटतो. इथून मला काहीच करता येत नाही.