मुलाकडच्यांचं गठुडं

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

लातूर जिल्हा नवीनच झाला होता. आमचे निम्मे कागद सवयीने अजून उस्मानाबादला जात आणि तिथून परत येत. त्यात दुष्काळ. माझ्या पोलीस ठाण्यातले शिपाई टँकरवरची भांडणं सोडवण्यात अडकलेले. अशा एका दुपारी बाजारपेठेतल्या एका मोठ्या कापड दुकानदाराचा फोन आला. साडी चोरणारी बाई पकडून ठेवली आहे, लगेच या. पकडून ठेवायचा अधिकार याला कोणी दिला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

दुकानात लग्नाचा बस्ता चालला होता. दोन्ही घरची माणसं एकाच गादीवर बसून कपडे निवडत होती. मुलीकडचे जळकोटजवळच्या खेड्यातले, वडील शाळेत शिपाई. मुलाकडचे बिलोलीचे, खाऊनपिऊन सुखी. मुलीच्या आईने एक हिरवी साडी दारात नेऊन उन्हात धरली होती. ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाई हेच करते. ती आत आली, पण थोड्या वेळाने साडी सापडेना. मालकाने तिला सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि मागच्या कोठीत बसवून बाहेरून कडी घातली. दोन तास. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. घेतलेल्या कपड्यांचं गठुडं बांधून बसलेल्या मुलाकडच्यांना मात्र गादीवर सरबत आलं होतं.

मी मालकाला म्हटलं, लेखी फिर्याद द्या. तर ते नको. दुकानाचं नाव खराब होईल, तुम्ही फक्त बाईला दम द्या. पोलीस म्हणजे यांच्या घरचा गडीच. कोठीतून बाईला बाहेर आणून तीनदा विचारलं, तर तिन्ही वेळा एकच उत्तर: आत आले, साडी गादीवर ठेवली. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी भर घालतो. हिच्या सांगण्यात एक शब्द वाढला नाही. हे कळत होतं, तरी मी तिची पिशवी सगळ्यांसमोर गादीवर उलटी केली. भाकरीचं फडकं, मुलीच्या मापाचं जुनं झंपर, एसटीची तिकिटं. साडी नव्हती. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. नवऱ्या मुलाचा चुलता उठला आणि म्हणाला, असल्या घरची सोयरीक आम्हाला नको. मुलीच्या बापाने त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी राहिले.

तेव्हा ती बाई माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता.

"साहेब, माझी पिशवी तुमी उलटी केली. त्यांचं गठुडं कामून न्हाई सोडलं?"

मुलाकडच्यांचं गठुडं सोडायचं? मालकाला ते सुचलं नव्हतं, तिच्या नवऱ्याला सुचलं नव्हतं आणि इतकी वर्षं झडत्या घेणाऱ्या मलाही सुचलं नव्हतं. शेजारच्या दुकानांतून दोन पंच बोलावले आणि चुलता तणतणत असताना गठुडं सोडलं. शालूच्या खाली हिरवी साडी निघाली. दुकानाच्या नोकराने गादीवरचा ढीग उचलून तसाच बांधून टाकला होता.

मालक हसला. "नजरचूक झाली, साहेब. मिटवून टाका."

तीच साडी. हिच्या पिशवीत असती तर चोरी, त्यांच्या गठुड्यात निघाली तर नजरचूक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यासमोरच बाईला सांगितलं की कोंडून ठेवल्याचा गुन्हा दाखल होतो आणि बदनामीबद्दल कोर्टातही जाता येतं. मालक ती साडी फुकट द्यायला निघाला. नवरा तिला मिटवायची गळ घालू लागला. चुलत्याने बजावलं, बाई ठाण्याची पायरी चढली तर लग्न मोडलंच समजा.

ती ठाण्यात आली. फिर्याद लिहायला मी स्वतः बसलो. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिचा नवरा व्हरांड्याकडे बघू लागला. तेवढ्यात मुलाची आई आत आली. दुकानात ती एक शब्द बोलली नव्हती. चुलता बाहेर व्हरांड्यातच थांबला होता.

"गठुडं आमचं व्हतं," ती म्हणाली. "पैली साक्ष माझी लिवा. आन् लगीन ठरल्या दिवशीच हाय."

मुलीची आई तेव्हा पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, वाचून दाखवा. मी फिर्याद वाचून दाखवली.

"एक राह्यलं," ती म्हणाली. "माझी पिशवी समद्यांम्होरं कुनी उलटी केली, तेबी लिवा."

मी माझं नाव आणि हुद्दा लिहिला. लग्न ठरल्या दिवशी झालं, मालकाला पुढे कोर्टाने दंड केला. त्यानंतर नोकरी असेपर्यंत झडतीची वेळ आली की कोणाला हात लावायला आपण बिचकतोय ते मी आधी पाहायचो आणि तिथूनच सुरुवात करायचो. यावरून वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. पण त्या फिर्यादीत माझं नाव आहे. आरोपीच्या रकान्यात नाही, एवढंच. असतं तरी मला तक्रार करायला जागा नसती.