धोंडे जेवून कॉकपिटात

आमच्या सासऱ्यांना दोन जावई. एक मी, नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप शिकवणारा. दुसरे माझे साडू, लातूरच्या कॉलेजात तेच काम करणारे. एवढ्यावर भागलं असतं, पण दोन्ही कॉलेजांची पोरं एकाच वर्षी एकच माणूस बसेल अशी रेसची गाडी बनवायला निघाली.

साडूंची गाडी आमच्यापेक्षा तीस किलो हलकी होती. हे मला बायकोनं सांगितलं, भाजी चिरता चिरता, आणि वर हसली.

आमच्या टीमची कॅप्टन म्हणजे बिलोली गावची एक मुलगी, शेवटच्या वर्षाची. ती रोज म्हणायची, "सर, ह्या लोखंडी पट्ट्यांनी गाडी मरून राहिली. कापू का?"

"वीस वर्षं ट्रॉल्या जोडल्या मी. एक तरी मोडली का?"

"सर, आपल्याला ऊस न्यायचा न्हाई."

पट्ट्या मी स्वतः जोडलेल्या, म्हणून कापू देत नव्हतो. फ्रेम रंगाला जायला आठ दिवस उरले होते. एकदा रंगली की जशी आहे तशीच पळणार, आणि ह्या पोरीला पुढचं वर्ष नव्हतं.

अशात अधिक महिना आला. जावयांना धोंड्याचं जेवण, पुरणाचे धोंडे, लातूरला सासऱ्यांकडे. शेजारी शेजारी पाट. साडू आठ धोंड्यांवर थांबले, म्हणून मी नववा घेतला. वर तूप. मग "पान खाऊन येतो" म्हणालो आणि तडक त्यांच्या कॉलेजात गेलो.

"सरांचे साडू का? जा की आत," वॉचमन म्हणाला.

गाडी स्टँडवर उभी होती, उघडी, नुसती पाइपांची. पाहिली आणि पोटात जळजळ झाली; ती पुरणाची नव्हती. नुसतं पाहून समाधान होईना, म्हणून आत शिरलो. ह्या गाडीत बसायचं नसतं, ती विजारीसारखी चढवायची असते. पाय पुढे सरळ, पाठ मागे लवंडलेली, कंबर जमिनीपासून वीतभर.

आणि त्या वीतभर उंचीवरून मला ते दिसलं. चाकाला धरून ठेवणारे दांडे जिथे फ्रेमला येऊन मिळत होते, नेमके तिथेच तीन-तीन पाइप एकमेकांना भेटत होते. धक्का आला की तो पाइपांच्या लांबीतून वाटला जाणार. मी मात्र दांडे पाइपाच्या मध्यावर जोडले होते. मधोमध दाबला की पाइप वाकणारच, म्हणून पट्टी. पट्टी वाकू नये म्हणून आणखी एक पट्टी. तीस किलोंचा उगम सापडला आणि मी उठायला गेलो.

उठता येईना. नऊ धोंडे आणि स्टिअरिंग, मधे मी.

वॉचमननं फोन केला असावा. साडू आले आणि त्यांनी आधी मोबाइलवर घड्याळ लावलं.

"साडूभाऊ, पाच सेकंदांत बाहेर यायचा नियम हाय."

"तुम्ही आठच खाल्ले, तुम्हाला काय."

"आधी स्टिअरिंग काढायचं असतं. एवढंबी म्हाइत न्हाई?" त्यांनी कळ ओढून ते अलगद काढलं. "अकरा मिनिटं. वॉचमननं फोन केला तवापासून धरून."

सोमवारी मी ग्राइंडर त्या पोरीच्या हातात दिला. "काप. दांडे पाइपांच्या सांध्यावर घे."

"कुठं सुचलं सर?"

"जेवताना."

सहा दिवस तिनं कापलं आणि मी जोडलं. गाडी लातूरच्या जवळ आली, पण चार किलो जडच राहिली. ते चार किलो मला अजून टोचतात.

रंगाच्या आदल्या दिवशी साडू नांदेडला आले. म्हणे मुदखेडला काम होतं. फ्रेमभोवती दोनदा फिरले. मग खाली वाकून माझ्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं, मण्यांच्या माळेसारखी एकसारखी शिवण, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. त्यांच्या पोरांच्या शिवणी मी पाहिल्या होत्या; कोंबडीनं उकरल्यागत.

"बसून बघू का जरा?" ते म्हणाले.

"बसा की, आपलीच गाडी हाय." मी मोबाइल काढला आणि घड्याळ लावलं.