खंडेनवमीला गप्प केलेलं यंत्र

नव्वदच्या दशकात संगमनेरजवळच्या एका गोपैदास केंद्रात मी संगणक सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे धूळ पुसायचो आणि रुबाब करायचो. केंद्रातल्या डॉक्टरांनी एक वळू वाढवला होता. त्याच्या लेकी पहिल्या वेतात किती दूध देतात, यावर तो राहणार की जाणार हे ठरायचं होतं. गावोगावच्या दूधमोजणीचे आकडे फोनवर येत, मी थेट संगणकात भरी. "कागद कशाला जपता, फाडा," हा मोजणी करणाऱ्यांना दिलेला हुकूमही माझाच. कारण आमची प्रत्येक नोंद फोनच्या तारेवरून नागापूरच्या कचेरीतल्या दुसऱ्या संगणकात उतरायची. इथं आग लागली तरी तिथं नक्कल शाबूत! नक्कल फार मागं पडली की आमचं यंत्र पीं पीं करायचं.

खंडेनवमीला संगणकाला हार घातला, आरती सुरू झाली आणि ते केकाटू लागलं.

"ए शहाण्या, देवापुढं हे काय लावलंय?" हेडक्लार्क खेकसले.

"तार मंद चाललीय साहेब, बघावं लागेल."

"पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. नुसतं गप्प कर."

मी पडलो भाविक. एका बोटानं इशाऱ्याची मर्यादा तासाभरावरून दोन महिन्यांवर नेली. बोट म्हणजे काही हात नव्हे! नंतर ती खाली आणायची राहूनच गेली. ओरडत नाही म्हणजे बरं झालं असणार, हे माझं निदान.

दिवाळी सरली आणि आमची डिस्क कुरकुरून मेली. मी ऐटीत नागापूरला फोन लावला. डॉक्टर शेजारीच उभे.

"साहेब, तुमची शेवटची नोंद दसऱ्याच्या आधीची हाय," तिकडचा ऑपरेटर म्हणाला. "म्होरं काय आलंच न्हाई."

रस्ता खोदताना तार दुखावली होती; बोलणं जायचं, नोंदी जात नव्हत्या. ती पीं पीं तारेची तक्रार नव्हतीच. यंत्र या घटकेला मेलं तर किती बुडेल, तेवढंच ते सांगत होतं.

"परत मोजता येईल?" मी विचारलं.

"गाय पहिल्यांदा दोनदा विते का रे?" डॉक्टर म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वळूच्या लेकींच्या ऐन दुधाचे आकडे नेमके त्याच दिवसांतले होते. पुराव्याविना वळू ठेवायचा नाही, असं केंद्रानं ठरवलं. डॉक्टर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. दुसरा वळू घडवायला नोकरी उरली नव्हती. टेम्पो आला तेव्हा वळू चढेना. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, "चल बाबा," म्हणाले, तसा निमूट चढला.

टेम्पोचा मागचा फाळका लावायला कुणी पुढं होईना. मी लावला.